पहिलं नाव

मूत्रपिंड विभागातून शोधनिबंध छापून आला की त्यावर नावं सात असत आणि काम एकाचं. बाकीची सहा नावं सौजन्याची. ज्याची बढती जवळ आली त्याचं एक, ज्याचं लग्न ठरलं त्याचं एक, विभागप्रमुखांचं तर छापूनच तयार असल्यासारखं. डेल्टातल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयात याला मुजामला म्हणत, आणि नाही म्हणणारा कोत्या मनाचा ठरे.

डॉ. इब्तिहाल मोठ्या मनाची होती. अकरा वर्षांत तिने चौदा निबंध लिहिले. नाव कुठे चौथं, कुठे पाचवं. आता बढतीच्या समितीने बजावलं होतं: पहिल्या नावाचा निदान एक निबंध रमजानपूर्वी दाखवा, नाहीतर फाईल कायमची बंद.

तिच्याकडे निबंध होता. डायलिसिसचे तीनशे बारा रुग्ण, चार वर्षं. तो छापून आला तेव्हा पहिलं नाव विभागातल्या तरुण डॉ. तामिरचं होतं.

"सर, इथे माझं नाव ठरलं होतं."

"अगं पोरी," विभागप्रमुख डॉ. वजदी एक्केचाळीस वर्षांच्या इब्तिहालला म्हणाले, "तामिरचं लग्न ठरलंय. मुलीचा बाप डॉक्टर आहे, त्याला जावयाचं नाव छापलेलं बघायचंय. तुझं काय, तुझं लग्न होऊन बसलंय."

"लुत्फीने माझे निबंध बघून लग्न नव्हतं केलं."

"बघ! म्हणजे तुला त्यांची गरज कधी नव्हतीच."

शेजारी बसलेला तामिर मनापासून हसला. त्याने निबंधातले तक्ते भरले होते, तेवढंच.

रमजानला तीन आठवडे उरले असताना वजदींनी तिला बोलावलं. चहा स्वतः ओतला, साखर स्वतः ढवळली.

"झोप येत नाही गं मला. तुझ्यावर अन्याय झाला. नियतकालिकाचा संपादक माझा साडू आहे, दुरुस्ती छापून घेतो. इथे सही कर."

कागदावर तामिरची सही आधीच होती. मजकूर असा: नावांचा क्रम अनवधानाने चुकला असून सर्व माहिती गोळा करणं आणि तक्ते भरणं हे काम डॉ. इब्तिहाल यांचं आहे.

"तक्ते तामिरचे होते, सर."

"आता तेवढंही त्याला वाटून टाकणार? घे की एकदा सगळं स्वतःकडे!"

अकरा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने सही केली.

दुरुस्ती छापून आली त्या दिवशी तिने विभागात बसबूसाचे, रव्याच्या पाकातल्या वड्यांचे, दोन थाळे आणले. तामिरने तीन तुकडे खाल्ले. "मबरूक, डॉक्टर! हात गोड आहे तुमचा."

नवव्या दिवशी नियतकालिकाने निबंध मागे घेतला. तक्त्यांत सेहेचाळीस रुग्णांचं रक्त त्यांच्या मृत्यूनंतरही दर महिन्याला तपासलेलं होतं, आणि विशेष म्हणजे सुधारत होतं. सगळी जबाबदारी पहिल्या लेखिकेची, असं खाली ठळक छापलं होतं. सोबत एका वाचकाचं तक्रारपत्र होतं. त्यावरची तारीख वजदींच्या त्या चहाच्या पुरते दोन आठवडे आधीची.

ती वजदींकडे धावत गेली.

"तुम्हाला माहीत होतं!"

"म्हणून तर झोप येत नव्हती," वजदी म्हणाले. "बैस. तामिरचं लग्न पुढच्या गुरुवारी आहे, त्याला यात ओढणं बरं दिसत नाही. तुझी चौकशी माझ्याच समितीकडे आलीय. नोकरीवरून काढण्याची शिफारस मी करणार नाही, ग्रंथालयात बदली करू. फक्त अहवाल सोमवारी जायला हवा, आणि विभागात असं कुणाला लिहिता येतं, तूच सांग?"

इब्तिहाल लिहायला बसली. अहवाल नेटका झाला: नऊ पानं, पुराव्यांची यादी, आरोपीने सही केलेला कागद परिशिष्टात. तामिरचा उल्लेख कुठेच नव्हता. वजदींनी तो मसुद्यातच हलक्या पेन्सिलीने खोडला होता.

शेवटच्या पानावर अहवाल लिहिणाऱ्यांची सात नावं होती. पहिलं वजदींचं. चौथ्या-पाचव्या जागी तिने सवयीने स्वतःचं नाव शोधून पाहिलं.