दाराची पाळी

समुद्र अडवायला आमच्या बेटावर बांध आहे आणि बांधाला एक लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीआधी बंद करायचं. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. पाळी चुकवणाऱ्याला बेटावर कोणी मुलगी देत नाही. माझ्या थोरल्या दिरांचं लग्न आधीच झालं होतं, म्हणून वाचले.

समुद्र दरवर्षी चढतोय, बांध पुरेना, तेव्हा सरकारी साहेब आले. आतल्या बाजूला तिवरांची झाडं लावू, ती लाटा अडवतील, म्हणाले. आमची आणि दिरांची शेतं शेजारी, दोघांची थोडी थोडी जमीन जाणार होती. जाता जाता साहेब बोलून गेले, "एखादं शेत आधीच खारवलेलं असतं, तर सगळी झाडं तिथेच लावली असती."

पुढच्या भरतीला पाळी दिरांची होती. भरदुपारी दार उघडं राहिलं. दार आमच्याच शेतात उघडतं, दिरांचं शेत मधल्या बांधाने वाचलं. पोटरीवर आलेलं भात उभ्या उभ्या करपलं.

"डोळा लागला गं," दीर म्हणाले.

"दादा तसा नाही," आमचे हे मला म्हणाले. मी रागाने भांडी आपटली. सख्ख्या भावापुढे माझं कोण ऐकतो?

साहेबांनी सगळी तिवरं आमच्या शेतात लावली. तिवरांना खारं पाणी हवं, म्हणून दार आता कायमचं उघडं. झाडं छान वाढली. बघायला पाहुणे येतात, दीर त्यांना हात पसरून दाखवतात, जणू त्यांनीच घाम गाळला.

उन्हाळ्यात ते तणतणत आमच्या घरी आले. विहीर दोन्ही घरांची एकच. मी त्यांच्या आणि ह्यांच्या पुढे चहा ठेवला. एक घोट घेऊन ते ओरडले, "तुझ्याकडेही खारटच! काय टाकलंस गं विहिरीत?"

"मी कशाला टाकू, भाऊजी? आमच्या भातात गोडं पाणी उभं असायचं, तेच विहिरीत झिरपायचं. आता समुद्र झिरपतोय."

दीर कपाळाला हात लावून बसले. "मला काय ठाऊक? वाटलं, फक्त शेत जाईल."

दीर चपला शोधू लागले. ह्यांनी त्या पायाने बाजूला सारल्या आणि कप पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"बस, दादा. संपव तो."