तळवलीच्या चुलीत घातलेला पाइप

मी एक जुना पाण्याचा पाइप आहे आणि मला तुमचा राग आहे. मित्रांनो, गोड बोलायला मी आलेलो नाही.

पावणे गावातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मी पीव्हीसीचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा. खाडीकाठच्या तळवली गावात रोहिदासच्या परसात मी कितीतरी वर्षं पाणी वाहिलं. त्याची बायको पुतळाबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमचा पाइप कदी गलला नाय." मग उन्हाने मला तडा गेला. रोहिदासने माझे तुकडे करून चुलीशेजारी टाकले.

घरात गॅस होता. पण चुलीवर तापलेल्या पाण्याशिवाय रोहिदासला आंघोळ झाल्यासारखं वाटत नसे. चूल पेटवायच्या पुतळाबाई. लाकडं ओली असली की माझा एक तुकडा आत जाई.

"अवो, घशाला झोंबतंय," त्या म्हणायच्या. त्यांना आधीच दमा होता.

"चुलीचा धूर काय नवा हाय? माजे आयेनं जल्मभर खाल्ला. तू काय राजाची रानी हाय?" रोहिदास हसायचा.

तो धूर नुसता लाकडाचा नव्हता. मी जळतो तेव्हा हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो. घशातल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. सोबत कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी असते. डायॉक्सिन नावाचं विष तर राखेतही राहतं. त्याच राखेने पुतळाबाई खाडीतले निवटे, म्हणजे चिखलातले बुळबुळीत मासे, चोळून साफ करायच्या.

सून भाग्यश्रीने सांगून पाहिलं, "बाबा, प्लास्टिक आहे ते."

"तू शिकलेली. तू गॅसच्या पान्यान नाह," एवढंच उत्तर मिळालं.

एका सकाळी चुलीपुढेच पुतळाबाईंना श्वास घेता येईना. रिक्षात बसवेपर्यंत ओठ निळे पडले. त्या परत आल्या नाहीत.

दहाव्याला पाहुण्यांच्या आंघोळीसाठी चुलीवर पाणी ठेवलं. रोहिदासचा भाऊ भगवान याने माझा उरलेला तुकडा चुलीत सरकवला. "लाकरा पेट घेत नाय, दादूस."

रोहिदास धावत आला. त्याने मला नुसत्या हाताने बाहेर ओढलं. तळवा पोळला, तरी सोडलं नाही.

"सगल्यांनी थंड पान्यान नाहा," तो म्हणाला.

मित्रांनो, पाहुण्यांसाठी त्याला हे सुचलं. पुतळाबाईंसाठी सुचलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. तुम्हालाही करणार नाही. मला भंगारवाल्याला द्या, पण आगीत घालू नका. घालायचंच असेल, तर त्या धुरात कोण बसणार आहे, त्या माणसाचं नाव आधी मोठ्याने घ्या.