यंदाची वादळं लांबची

हवामान कार्यालयात ताईचं काम एकच: यंदा वादळं समुद्रात कुठे उठतील याचा अंदाज बांधायचा. ती जागा दरवर्षी सरकते. वादळाला लागतं गरम पाणी, आणि ते एखाद्या वर्षी किनाऱ्याजवळ असतं, तर एखाद्या वर्षी पार पलीकडे. वादळ लांब उठलं तर यायला त्याला काही दिवस लागतात, तोवर बोटी निवांत घरी पोचतात. जवळ उठलं तर मात्र पळता भुई थोडी.

तिच्या धाकट्या भावाची छोटीशी मासेमारीची बोट होती. एकटाच जायचा. मोसम सुरू व्हायच्या आधी ताईच्या घरी येऊन खुर्चीवर उलटा बसायचा आणि विचारायचा, "बोल, यंदा कुठे?"

"बहुतेक लांब."

"तुझं ते बहुतेक ऑफिसात ठेव गं. घरात तरी धड बोल."

शेंडेफळ ते, त्याच्यापुढे हिचं कधी काही चाललं नाही. ऑफिसच्या अहवालात ती इमानेइतबारे 'बहुतेक' लिहायची. घरी मात्र यंदा तिने सरळ सांगून टाकलं, "लांब."

आणि अंदाज चुकलाही नाही, खरं दुखणं तेच. मोसमभर वादळं लांबच उठली, एक सोडून. ते किनाऱ्याला अगदी खेटून उठलं. सकाळी नुसते ढग होते, दुपारी वादळ. कार्यालयाने इशारा दिला, वायरलेसवरून बोटींना माघारी बोलावलं. सगळ्या वळल्या. भाऊ टाकलेलं जाळं सोडून यायला तयार होईना. शेजारच्या बोटवाल्याने हाका मारल्या, तर वायरलेसवर हसून म्हणाला, "माझी ताई बसते तिथे. यंदा जवळ काही नाही. तुम्ही व्हा पुढे, आलोच."

बोटीच्या फळ्या सापडल्या. तो सापडला नाही. शेवटी शोध थांबवला.

साहेबांनी ताईला रजा दिली आणि धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "तुमचा अंदाज बरोबरच होता हो." काय बोलावं अशा माणसाला? ती पिशवी उचलून थेट भावाच्या घरी गेली.

भावजय उंबऱ्यावर बसली होती. तिला समजावून समजावून शेजारीपाजारी थकले होते. शोधपथकाचा अधिकारी येऊन गेला, त्यालाही तिने उडवून लावलं होतं. ताईला पाहताच तिच्या चेहऱ्यावर जीव आला. ताईला तो चेहरा बघवेना.

"वन्सं, आलात बाई. हे सगळे काहीबाही बोलतात. आमचे हे मला नेहमी सांगायचे, समुद्राचं काही असेल तर फक्त ताईचं ऐकायचं. म्हणून मी कुणाचंच मनावर घेतलं नाही. तुम्ही सांगा, येतील ना?"

ताई तिच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेतला.

"नाही येणार गं," ती म्हणाली.

भावजयीने लगेच विश्वास ठेवला.