चादरीखालची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, केस कापण्याच्या दुकानातली. त्यामुळे मला ऐकण्याची सवय आहे आणि बोलण्याची हौस आहे. पण आजची हकिकत सांगताना अजूनही माझ्या पोटातले तेल हलते. हो, माझ्या पोटात तेल असते, त्याच्याच जोरावर मी वरखाली होते. घाबरले की ते गळते, असे मालक म्हणतात. म्हणजे माझा भित्रेपणा चारचौघांत उघडाच पडतो.

माझा जन्म लोखंडाच्या ओतशाळेत झाला. जड पाया, पांढरा मुलामा, चामड्याची गादी आणि डोके टेकायला छोटी उशी. मालकांच्या वस्तादांनी मला विकत घेतले. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी मला मालकांच्या स्वाधीन केले. "हिला जप, ही तुला उपाशी ठेवणार नाही," असे ते म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे फुगून होते.

तो माझा सुखाचा काळ. लहान मुले माझ्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून भोकाड पसरत. लग्नाच्या दिवशी नवरदेव येत आणि आरशात स्वतःकडेच बघून लाजत. एक टक्कल पडलेले मास्तर नेमाने येत आणि पुरते पैसे मोजत. "कापायचे नाही, शोधायचे देतो," असे म्हणून स्वतःच हसत. मालकांची मान तेव्हा ताठ होती.

मग मालकांच्या मनात आले की दुकान मोठे दिसले पाहिजे. कर्ज काढून दुसरा आरसा आला, झगमगीत दिवे आले आणि माझ्या शेजारी लाल गादीची नवी खुर्ची आली. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, पण हिची संपेचना. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मला वाईट वाटले, पण दुकान भरलेले असे, म्हणून मी गप्प राहिले.

एवढ्यात मालकांच्या उजव्या मनगटाचे ऑपरेशन झाले आणि काही महिने कात्री हातातून सुटली. हप्ते थकले. हप्ता फेडायला दुसरे कर्ज, दुसरे फेडायला तिसरे. वसुलीची माणसे फोन करू लागली, मग दारात येऊ लागली. मालक शटर अर्धे ओढून आत बसत. फोन वाजला की मालकीण हातातले काम टाकत आणि धाकटी मुलगी म्हणे, "बाबा, नका ना उचलू." तेव्हा मालकांचा हात माझ्या पाठीवर असे. तो इतका गार असे की मलाच हुडहुडी भरे.

अशा वेळी विजेच्या खांबावरची जाहिरात वाचून मालकांनी एका माणसाला बोलावले. 'कर्जातून कायमची सुटका' असे त्या कागदावर छापलेले होते. तो ऐटीत माझ्यावर बसला, आधी दाढी करून घेतली आणि मग सल्ला दिला.

"दिवाळखोरीचा अर्ज करू. मी आहे ना!"

"तुम्ही वकील का?" मालकिणीने विचारले.

"वकिलासारखाच. फक्त स्वस्त," तो म्हणाला. "आता एक करा. लाल खुर्ची कर्जाची आहे, ती कंपनी नेणारच. पण ही जुनी पाहुण्यांकडे हलवा. कोर्टाला दिसली की गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

त्याने फी आगाऊ घेतली. दाढीचे पैसे मात्र द्यायचे विसरला.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी मालकिणीचा भाऊ टेम्पो घेऊन आला. "दाजी, काळजी सोडा. आमच्या मागच्या खोलीत कोण येतंय बघायला?" असे म्हणत त्याने माझे बोल्ट सोडले. मला आडवे केले आणि माझे तेल फरशीवर सांडले. मालक खाली बसून ते फडक्याने पुसत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, त्या खोलीत मला पहिल्यांदा खरी भीती कळली. माझ्यावर जुनी चादर टाकलेली होती. एका बाजूला सिमेंटची पोती, दुसऱ्या बाजूला मोडका पाळणा. रस्त्यावर गाडी थांबली की वाटे, आले कोर्टाचे साहेब. आणि भीती फक्त मलाच नव्हती. माझ्या येण्याने त्या घराचीही झोप उडाली होती.

"तुमच्या ताईच्या खुर्चीपायी आपल्या घरावर जप्ती आली म्हणजे?" भावाची बायको म्हणे.

"हळू बोल. कोणी ऐकेल."

"त्यापेक्षा भंगारवाल्याला दाखवू का? लोखंड बरंच आहे."

लोखंड बरेच आहे! एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर माझी किंमत वजनावर आली. माझी पाचावर धारण बसली.

पुढचे मी नंतर ऐकले, कारण मालक ते आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. स्वस्त सल्लागाराचा फोन बंद झाला. अर्ज झालाच नव्हता. मालक अंथरुणाला खिळल्यासारखे पडून राहिले. "आता तोंड कुठे दाखवू?" एवढेच बोलत. शेवटी मालकिणीने त्यांना हाताला धरून उठवले आणि कोर्टातल्या मोफत सल्ला केंद्रात नेले. तिथून त्यांना एका वकीलबाईंचे नाव मिळाले.

या बाईंनी पहिल्यांदा स्वतःची वकिलीची सनद समोर ठेवली. "आधी हे बघा. अशी प्रकरणं चालवली आहेत का, ते विचारा. फी किती, ती लेखी घ्या. मग माझ्यावर विश्वास ठेवा," त्या म्हणाल्या. मालकिणीला तिथेच रडू आले. इतक्या दिवसांत त्यांच्याशी कोणी न ओरडता बोलले नव्हते.

बाईंनी दुकानाचा फोटो मागितला. धाकटीने काढलेला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"आरसे दोन आणि खुर्ची एक. दुसऱ्या आरशासमोर गिऱ्हाईक उभं राहतं का हो?"

मालकिणीने सगळे सांगून टाकले.

"अहो, पोट भरायची हत्यारं कायदा शक्यतो सोडतो," वकीलबाई म्हणाल्या. "ती खुर्ची दाखवली असती तर बहुतेक तुमच्याकडेच राहिली असती. लपवून मात्र तुम्ही करायचा अख्खा अर्जच धोक्यात घातलात. कोर्टात झाकली मूठ चालत नाही. आजच्या आज परत आणा. आणि हे मी नाही, तुम्ही स्वतः सांगायचं."

"सांगितलं तर सुटेन का?"

"खोटं नाही सांगत. खात्री देता येणार नाही. पण न सांगता नक्कीच नाही सुटणार."

मी परत आले. बोल्ट आवळले गेले, पोटात नवे तेल पडले. पण जिवाला चैन कुठले? मालक रोज माझ्यासमोर उभे राहून कोर्टात बोलायचे वाक्य पाठ करत आणि रोज अर्ध्यावर अडत.

मग सगळ्या वस्तूंच्या यादीसह अर्ज दाखल झाला आणि कोर्टाने नेमलेले अधिकारी दुकान पाहायला आले. लाल खुर्ची कंपनीच्या नावावर गेली. मालकांची स्कूटर गेली. ते माझ्यासमोर आले, त्यांनी पायाने माझी दांडी दाबली आणि मी करकरले.

"चालते का ही?"

"बसून बघा साहेब," मालक म्हणाले. साहेब बसले आणि सवयीने मालकांनी त्यांच्या गळ्याला कापड बांधले! शेजारी उभ्या असलेल्या वकीलबाई किंचाळल्याच, "अहो, फुकट केस नका कापू त्यांचे! लाच म्हणतील!"

साहेबसुद्धा हसले. पण हसणे ओसरल्यावर त्यांनी आरशातूनच विचारले, "यादीबाहेर काही ठेवलं होतं का?"

माझ्या पोटातून तेलाचा थेंब निसटला.

"तुम्ही बसलात तीच, साहेब. मेहुण्याकडे लपवली होती. भीती वाटली."

साहेबांनी कापड स्वतःच्या हाताने सोडले आणि लिहून घेतले. निकाल लागेपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. न्यायाधीशांनी मालकांना खडसावले, चांगलेच खडसावले. पण खुर्ची स्वतः परत आणली आणि विचारताच खरे सांगितले, म्हणून अर्ज टिकला. कर्ज सुटले आणि मी कामाचे हत्यार म्हणून राहिले.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले. माझ्या अगदी कडेवर बसले, पाठ टेकेचनात. खिशात फोन थरथरत होता आणि ते उचलत नव्हते. मालकांनी कात्री थांबवली. हळूच विचारले, "वकील बघितलात का?" कापडाखाली ते गृहस्थ हुंदके देऊ लागले. मालकांनी माझी मागची कळ दाबून मला थोडे कलते केले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वस्तू जपा, पण घाबरलेल्या माणसाला आधी जपा. त्याला हसू नका, आणि एकटे सोडू नका. त्या गृहस्थांनी त्या दिवशी माझ्यावर पाठ टेकली, तेव्हा त्यांचे सगळे ओझे माझ्यावर आले. मला ते मुळीच जड वाटले नाही.