दुहेरी तेरडा

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेषराव पाटलांनी ज्वारीचं वावर मोडून सगळीकडे पऱ्हाटी पेरली. शेजारच्या मळ्यातली दुर्गाबाई माळीण कुंपणावरूनच कडाडली, "पाटील, पोरायले का सरकी खाऊ घालसान?"

पाटील हसले. "पैसा असला म्हंजे दाने बजारात भेटते, बाई."

"येडा झाला हा मानूस," म्हणत ती आपल्या तेरड्याकडे वळली. दरसाल सगळ्यात भरदार फुलाचं बी राखून तिनं हा वाण घडवला होता. यंदा होतं नव्हतं ते सारं बी पेरलं, तेव्हा गुलाबासारखी गच्च, दुहेरी फुलं आली. मधेमधे काही झाडं जुन्या एकेरी फुलांची निघाली. "वान बाटवतीन मेली," म्हणत तिनं ती उपटून उकिरड्यावर फेकली.

दसऱ्याच्या तोंडावर ती बी धरायला पदर पसरून वाफ्यात शिरली. तेरड्याचं पिकलं बोंड बोट लागताच फुटतं. पण एकाही झाडाला बोंड नव्हतं. तिनं एक फूल चिरलं. बी धरायची जागाच नव्हती, आत नुसत्या पाकळ्याच होत्या. बी धरणारी एकेरी झाडं उकिरड्यावर कुजून गेली होती.

पलीकडे पऱ्हाटी पांढरी फुटत होती. कणसं नसलेल्या वावरावर एक पाखरू नव्हतं. कुंपणाशी पाटील येऊन उभे राहिले.

"दुर्गाबाई, पायलीभर ज्वारी भेटन का? चांदूर बाजारापर्यंत जाऊन आलो. सगळ्यायच्या वावरात पऱ्हाटीच; दान्याच्या बदल्यात पैसे घ्याले कोनी तयार नाई."

तिच्या तोंडाशी शिवी आली. मग तिला आपला पसरलेला रिकामा पदर दिसला.