तोंड वाटेकडं

अठ्ठावीस वर्षं मी एसटी चालवली. त्यात एक गोष्ट शिकलो आणि ती पोरालाही शिकवली: मुक्कामाच्या गावी गाडी लावायची ती तोंड वाटेकडं करूनच. चारठाण्याला मुक्कामी गाडी नेली की पारावरचे म्हातारे हसायचे, "सांबप्पा, आल्या आल्या जायची घाई?" मी म्हणायचो, ज्याला परत जायचंय त्याची गाडी आल्या दिवशीच वळलेली असते. आमचा शिवलिंग शाळेतून आला की सायकलसुद्धा तशीच लावायचा, हँडल फाटकाकडं.

तोच शिवलिंग पुण्याच्या एका कारखान्यातर्फे सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला गेला, ओसाका नावाच्या शहरात. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. इकडं एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्याच्या मायच्या, बसम्माच्या घशात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता घरी न्या. दिवाळी काही दिसायची नाही." मी तीन पत्रं टाकली, एक तार केली. माय लय आजारी, निघून ये. बसम्मा रोज एकच विचारायची, "शिवलिंगाची काय खबर?" आणि मी रोज पोस्टमनवर तोंडसुख घ्यायचो, जसं काय त्यानंच माझं पोरगं दडवून ठेवलंय.

श्रावण लागता लागता उत्तर आलं. पत्र नाही, व्हिडिओची कॅसेट. सोबत चार ओळींची चिठ्ठी: "अप्पा, सुट्टीचं विचारलंय, बघतो. तोवर मायला ओसाका दाखवा. तिच्यासाठी मुद्दाम सगळ्या वस्त्यांतून गाडी फिरवून शूटिंग केलंय." माझं डोकंच फिरलं. आम्ही पोरगं मागितलं आणि यानं शहर धाडलं! कॅसेट चुलीत घालायला निघालो होतो, पण बसम्मानं हात धरला. त्या हातात आता जोर उरला नव्हता, म्हणून तर मला थांबावं लागलं.

आमच्या ताडकळसच्या पेठेत भुजंगचं व्हिडिओ सेंटर होतं. बसम्माला बसवत नव्हतं, म्हणून दुपारच्या वेळी तो टीव्ही आणि व्हीसीआर हातगाड्यावर घालून घरीच घेऊन आला. "मामा, तिकडची सिस्टीम येगळी ऱ्हाती," तो म्हणाला, "रंग यायचे न्हाईत." तसंच झालं. काळंपांढरं ओसाका, तेही अधूनमधून उड्या मारणारं.

कॅमेरा गाडीच्या पुढच्या काचेमागं बसवलेला होता. गाडी शिवलिंगच चालवत होता, त्यामुळं तो कुठंच दिसत नव्हता, नुसता आवाज. "माय, ही नदी बघ. शहरात अशा लय हायेत." पुलावर पूल, त्यांच्या खाली दुकानं. मग उंच इमारती संपल्या, बुटकी घरं आली, वर तारांचं जाळं, गॅलरीत वाळत घातलेली धुणी. एक बाई दारापुढचा रस्ता झाडत होती.

"त्याचं तोंड कवा दिसंल?" बसम्मानं विचारलं.

"दिसंल, दिसंल," मी म्हणालो.

मी मात्र ड्रायव्हिंग बघत होतो. पुढच्या गाडीपासून अंतर बरोबर, वळणाआधी गाडी हळू, आणि एवढ्या गर्दीत एकदाही हॉर्न नाही. एक वाकलेली म्हातारी रस्ता ओलांडेपर्यंत तो थांबून राहिला. जपानच्या म्हातारीसाठी थांबायला वेळ आहे याला, असं मनात आलं.

शेवटी गाडी एका अरुंद बोळात शिरली. "माय, ही आपली गल्ली," आवाज आला. गाडी एका घरापुढून जरा पुढं गेली, थांबली, मग रिव्हर्स घेत मागं मागं घराच्या पोटात शिरली. समोर रस्ता आला आणि चित्र संपलं.

मी उठूनच उभा राहिलो. "बसम्मे, बगितलं का? तोंड वाटेकडं! माझंच पोरगं त्ये. येणार हाय त्यो!"

बसम्मा माझ्याकडं बघत राहिली, मग हसली. त्या दिवशी तिनं वाटीभर आंबील घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. शेजारच्या दगडाबाईला मी तीनदा गाडीची गोष्ट सांगितली, बसम्मा उशाला टेकून ऐकायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर अख्खा लाकडाचा ओंडका सापडला होता.

पाचव्या दिवशी बसम्मा म्हणाली, "परत एकदा लावा की."

भुजंग पुन्हा हातगाडा घेऊन आला. या खेपेला मला वाट माहीत होती, म्हणून डोळे मोकळे होते. गल्ली आली. डाव्या हाताला गाडी उभी, तोंड रस्त्याकडं. उजव्या हाताला दोन, तशाच. शिवलिंगानं रिव्हर्स घेतला आणि समोरच्या घरातली गाडी आमच्याकडं तोंड करून उभी दिसली. अख्ख्या गल्लीत एकही गाडी उलटी नव्हती.

"मामा, तिकडं समदे अशाच लावतेत की," भुजंग सहज बोलून गेला.

"तुला काय कळतंय रे?" मी त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा वायर बघायचं निमित्त करून बाहेर गेला. मला बसम्माकडं बघायची हिंमत होईना.

"त्याच्यावर कामून वरडायलात?" ती म्हणाली. "मी पयल्याच दिशी बगितलं व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी किती दिसानं हासले व्हते." तिनं दम घेतला. "ती आंबील लय दुखत खाली उतरायची. तुमी चमचा धरून बसायचे, म्हनून गिळली."

अठ्ठावीस वर्षं घाटात, पुरात गाडी चालवलेला माणूस मी, लहान पोरासारखा रडलो.

"मग आज परत कशाला लाव म्हनलीस?"

"आवाजासाठी," ती म्हणाली. "चित्र नगं मला. त्याच्यावर कायतरी झाका, अन् पयल्यापासनं लावा."

मी खांद्यावरचा टॉवेल काढून टीव्हीच्या काचेवर टाकला आणि भुजंगला हाक मारली.