दोर जागेवर होता, मी नव्हते

मी गाठ बोलतेय. दोर नव्हे, गाठ. दोराला वजन असतं, रंग असतो, दुकानात भाव असतो. माझं तसलं काहीच नाही. म्हणून मी नाहीच, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

माझा जन्म कधी झाला ते विचारू नका. एका मालट्रकवाल्याने आपल्या लेकीला मला बांधायला शिकवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मी होतेच. पुढे ती लेक एका रंगाऱ्याच्या घरी सून म्हणून आली. नवरा फळीवर बसून उंच इमारतींच्या भिंती रंगवायचा. फळीचा दोर गच्चीवरच्या खांबाला ती बांधायची. दोन वेढे द्यायचे, टोक खालून घालून आवळायचं, की मी आलेच.

नवरा भारी हुशार. "अगं, गाठ गाठ काय करतेस? दोर नवाकोरा आहे. गाठ म्हणजे तरी काय, दोरच ना? सोडली की कुठे जाते ती?"

"जाईना का कुठेही. तुम्ही लटकलेले असताना जागेवर असली म्हणजे झालं," ती म्हणायची.

मला असा संताप यायचा. अरे बाबा, हा दोर जळून गेला तरी दुसऱ्या दोरात मीच असते. सुतळीत मी, नाडीत मी, एकाच वेळी सगळीकडे आणि प्रत्येक ठिकाणी अख्खी. कुठल्या दोराला जमतं हे?

एक दिवस ती रंगाचा डबा आणायला खाली गेली. साहेबांना दम कुठला? खांबाला नुसते दोन वेढे मारले आणि उतरले फळीवर. वेढे सरकले. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पाय मात्र मोडला.

लोकांनी दोर तपासला. एक धागा तुटलेला नव्हता. खांब ठणठणीत, फळी शाबूत. हाताला लागतं ते सगळं जागच्या जागी होतं. नव्हते फक्त मी. आता सांगा, जी मुळात नसतेच, तिच्या नसण्याने माणसाचा पाय मोडतो कसा?

भिंत अर्धवट राहिलीय. उद्या फळीवर ती बसणार आहे. "मला उचलून गच्चीवर न्या, दोर मीच बांधणार," असा त्याचा हट्ट. आज प्लास्टरचा पाय पसरून तो खाटेच्या पायाला दोर बांधतोय, सोडतोय, पुन्हा बांधतोय.

"अहो, झाली की घट्ट. पुरे आता."

"थांब गं. नीट आलीय का ती, बघू दे."

दोन्ही हातांनी दोर ओढून तो मला तपासतोय. जा, आता त्याला जाऊन सांगा, मी नाही म्हणून.